सतराचा पाढा

हाताला थरथर सुटली तेव्हा नाव अजून जागची हललीसुद्धा नव्हती. नावेचं शेपूट तराफ्यावर पालथ्या पडलेल्या एका दाढीवाल्या माणसाने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. शेजारी आणखी तीन नावा अशाच शेपटाला धरलेल्या, जणू चार वासरं सोडायच्या आधी कुणी घट्ट धरून ठेवलीत; आणि समोर, पूल ओलांडून पार शर्यत संपते त्या लाल धुराड्यापर्यंत, नदी ऊन अंगावर घेत आरामात पसरलेली. तिने सुकाणूच्या दोऱ्या मुठीत आवळल्या. थरथर दोऱ्यांत उतरली. मग छाती. छातीत कुणीतरी आतून दार ठोठावत होतं, आधी सभ्यपणे, मग 'उघड गं, कधीची उभी आहे' अशा थाटात. पाठीवरून घामाची एक रेघ खाली गेली. ओठांच्या कडांना मुंग्या आल्या. आणि ह्या सगळ्याच्या वर, दुधावर साय धरावी तसं, हसू. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ह्या सगळ्याला दोन नावं होती आणि दोन्ही तिच्या चांगल्या ओळखीची. एक, रक्तातली साखर खाली चाललीय. दोन, आनंद झालाय. दोघंही एकाच दाराने येत, एकाच पावलांनी, एकसारखे कपडे घालून, आणि सोळा वर्षांच्या आयुष्यात त्या दोघांना वेगवेगळं ओळखणं तिला एकदाही धड जमलं नव्हतं.

आज जमायला हवं होतं. पहिलं नाव खरं असेल तर पंचाचा झेंडा खाली पडायच्या आत तिने हात वर करायला हवा. नियमच होता तसा, सुकाणूवाल्याचा हात वर असेपर्यंत पंच शर्यत सोडत नाही. पण हात वर म्हणजे सगळा काठ बघणार, पुलावरून मावशीही बघणार, रात्रीपर्यंत आईला कळणार, आणि आईने स्वच्छ सांगून ठेवलं होतं की आणखी एकदा असं झालं की संपलं, सुट्टी लागली की कायमचं परतीचं तिकीट. पुढचे सहा महिने नाहीत, नदी नाही, ह्या चौघी नाहीत. आणि दुसरं नाव खरं असेल आणि तरी तिने हात वर केला, तर काय, नुसत्या आनंदासाठी चार नावा थांबवायच्या? असं कुणी केलंय का कधी?

समोर बगळी बसली होती. सुकाणूवाली नावेत बाकीच्यांच्या उलट बसते. बाकी सगळ्या पुढच्या दिशेला पाठ करून वल्ही मारतात आणि ती एकटी त्यांच्याकडे तोंड करून, त्यामुळे पहिल्या वल्ह्यावरच्या मुलीचे गुडघे आणि सुकाणूवालीचं नाक ह्यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरतं. बगळी हे नाव तिनेच ठेवलेलं, मनातल्या मनात, पहिल्याच दिवशी, त्या लांब मानेवरून आणि एका पायावर उभं राहून मोजे घालायच्या सवयीवरून. पुढे एकदा ते तोंडातून निसटलं, मग अर्थ सांगावा लागला, आणि बगळीला ते इतकं आवडलं की तिने ते आपल्या वल्ह्यावर रंगवून घेतलं, देवनागरीत, 'ळ' उलटा. आत्ता बगळी तिच्याकडे बघत होती. बघण्यात काही विशेष नव्हतं, समोरच तर बसली होती. पण ती पापणी न हलवता बघत होती.

घरी हसण्यावर आईचं लक्ष असे. म्हणजे हसायला बंदी नव्हती, आई काही तशी नव्हती. आईला फक्त हसण्याचं कारण पटावं लागे. मुलगी दहा वर्षांची असताना उन्हाळाभर घागरीने पाणी पीत राहिली, कपडे अंगावर लोंबायला लागले, आणि मग एक दिवस डॉक्टरांनी टेबलावर ते इन्शुलिनचं पेन ठेवलं आणि म्हणाले, हे आता रोज, जेवणाआधी, आणि रात्री एक वेगळं. बाबांनी विचारलं होतं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, रोज. त्या दिवसापासून घर एका बोटाच्या टोकावर चालायला लागलं. बाबा वीज कंपनीत मीटर वाचायला जात, दारोदार, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारून, घरी आले की बूट काढता काढता विचारत, "भोंगा, तुझं मीटर काय म्हणतंय?" भोंगा हे तिचं नाव, कारण ती हळू बोलली तरी तीन घरांना ऐकू जाई. आई पोस्टात खिडकीवर. दिवसभर शिक्के मारून मारून तिच्या उजव्या हाताला एक ठाम वजन आलं होतं, तोच हात घरी आल्यावर मुलीच्या कपाळावर, मानेवर, तळव्यावर पडे: घाम आहे का, गार आहे का, थरथरतेय का. आणि हसतेय का. साखर खाली गेली की मुलगी खुळ्यासारखी हसते हे आईने पहिल्याच वर्षी टिपलं होतं आणि तेव्हापासून हसणं लक्षणांत जमा झालं.

आत्याकडे एकदा, आतेभावाच्या वाढदिवसाला, आत्या आपल्या नवऱ्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होती. काका स्वतः बाजूला बसून हताशपणे कलिंगड खात होते, आणि भोंगा जमिनीवर पडून हसत होती, पोटात कळ येईपर्यंत, नाकातून आवाज येईपर्यंत. तेवढ्यात माणसांमधून वाट काढत आई आली. "इतकी का हसतेस? चल बरं आत." आतली खोली, बंद दार, गाद्यांचा ढीग, बोटाला टोचणी, पट्टीवर थेंब. आकडा छान होता. आईने सुटकेचा श्वास सोडला, केसांवरून हात फिरवला, म्हणाली, जा, हस आता. ती बाहेर आली तर नक्कल संपली होती आणि सगळे पंख्याच्या किमतींबद्दल बोलत होते. दार बंद का होतं तेही तिला ठाऊक होतं. कुणाला सांगायचं नव्हतं. आत्याने विचारलं तर "तिला गोड आवडतच नाही मुळी." शाळेत विचारलं तर "तब्येत नाजूक आहे." नाजूक, आणि ती, तीन घरांना ऐकू जाणारी. आई लाजेने लपवत नव्हती, घाबरून लपवत होती, एवढं तिला खूप नंतर कळलं. लोक आज हळहळतील आणि उद्या मुलीला बाजूला बसवतील, खेळात, सहलीत, पुढे लग्नाच्या बोलण्यात, असं आईच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून आईने तिला आधीच बाजूला बसवून ठेवलं होतं, लोकांच्या आधी, प्रेमाने.

मग मावशीचा फोन आला होता. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, ह्या परक्या शहरात बस चालवते, एकटी राहते, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणाली, एक वर्ष पाठव तिला माझ्याकडे, इथल्या शाळेत जाईल, भाषा शिकेल. आई म्हणाली, आणि सुई? मावशी म्हणाली, "सुईला काय पासपोर्ट लागतो?" त्यावर दोघी बहिणी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि आठव्या दिवशी आईनेच इन्शुलिन गार ठेवायला थर्मास विकत आणला. विमानात तो थर्मास तिने मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरला होता. सामानात टाकायचा नाही, तिथे गोठतं, आणि गोठलं की कामातून गेलं, हे आईने तिच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं होतं की विमानातही ती ते पुटपुटत राहिली आणि शेजारच्या सीटवरच्या आजोबांनाही पाठ झालं. रात्रीचं इन्शुलिन रात्री घ्यायचं, पण विमान सूर्याच्या मागे लागलेलं, रात्र काही येईना. खिडकीतून सारखं तेच संध्याकाळचं ऊन. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की घरचं घड्याळ धरून घे, मग तिथे गेल्यावर रोज थोडं थोडं सरकव. तर सूर्य डोळ्यांत येत असताना तिने रात्रीचं इन्शुलिन घेतलं, पोटावर, पांघरुणाखाली, लपून, आणि मग सगळं विमान झोपलेलं असताना एकटीच हसत बसली. बाजूचे आजोबा जागे झाले. तिने चटकन बोट टोचून पाहिलं. सवय.

मावशीकडे फ्रिजच्या दारात लोण्याच्या कप्प्यात इन्शुलिन गेलं आणि लोणी हद्दपार झालं. कप्प्यावर मावशीने चिठ्ठी चिकटवली: 'पुढील थांबा: भाची.' मावशी पहाटेच्या पाळीला जाई तेव्हा निळा गणवेश, कडक कॉलर, आणि जिन्यातून उतरताना तोंडाने गिअर बदलल्याचे आवाज. तिचं सगळं बोलणं बसमधलं. उशीर झाला की "दार बंद होतंय", रुसून बसलं की "मागे सरका, आत जागा आहे". ह्या घरात कुणी तिच्या कपाळाला हात लावत नव्हतं. पहिले काही दिवस तिला ते कपाळ उघडं उघडं वाटलं, टोपी विसरल्यासारखं. मग सवय झाली, मग मजा वाटायला लागली. ती शाळेला चालत जायची, टेकडी चढून, वाटेत न्हाव्याचं दुकान, चाव्या बनवणारा, एक खिडकी जिच्यात कायम एक मांजर झोपलेली. परत येताना चार जिने धावत. शाळेत पहिल्याच आठवड्यात शिट्टीबाईंनी, म्हणजे नाव चालवायला शिकवणाऱ्या बाईंनी, ज्या बोलायच्या कमी आणि शिट्टी वाजवायच्या जास्त, तिला मैदानाच्या पलीकडून मैत्रिणीला हाक मारताना ऐकलं. बाई तशाच चालत आल्या, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाल्या, "वजन कमी, आवाज मोठा. तुला पोहता येतं?" येत होतं. आयुष्यभर ज्या आवाजाला 'हळू गं, हळू' ऐकावं लागलं, तो आवाज कुणाला तरी हवा होता. मोठाच हवा होता. ती रात्रभर झोपली नाही.

आणि म्हणूनच ती चूक झाली. नदीवरचा तो तिचा तिसरा का चौथा दिवस. पाणी असं चमकत होतं की जणू कुणी ताटंच्या ताटं उन्हात वाळत घातलीत. ती शेपटाशी बसून ताल देत होती, चार वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर, आणि तिच्या आवाजावर एक अख्खी नाव चालत होती. हात थरथरले, छाती धडधडली, हसू आलं. खिशात मीटर होतं. तिने हात खिशाकडे नेलाही होता. आणि मग तिला आत्याकडची ती बंद खोली आठवली, गाद्यांचा ढीग, आणि बाहेर येईपर्यंत संपून गेलेली नक्कल. तिने हात परत घेतला. आज नाही, तिने ठरवलं. आज हा आनंद आहे आणि मी तो मोजणार नाही. मग ताल चुकला. एक, दोन, तीन, पाच. मुली हसल्या, तीही हसली. मग ती मराठीत बोलायला लागली, पूर्ण आत्मविश्वासाने, आणि त्यांना उत्तरं का येत नाहीत ह्याचं तिला नवल वाटलं. नाव गोल फिरायला लागली, बदकं चिडून दूर गेली, काठावरून शिट्टी, शिट्टी, शिट्टी, आणि मुलींना वाटलं ही काय विनोदी मुलगी आहे. फक्त बगळी, हातभर अंतरावर, हसायची थांबली. तिने वल्हं सोडलं आणि पुढे वाकून हिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो चेहरा, बगळीने पुढे सांगितलं, ओल्या खडूसारखा झाला होता.

मावशी आली ती गणवेशातच, बस पुढच्या थांब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देऊन, कुठल्यातरी उपाहारगृहातून उचललेल्या साखरेच्या पुड्या मुठीत कोंबून. शिट्टीबाईंनी तोवर आपला गोड चहा थोडा थोडा करून पाजला होता. ती नावघराच्या बाकावर ब्लँकेटात बसली होती, दात वाजत होते, हसू कधीच गेलं होतं. मावशीने शेजारी बसून सगळ्यात आधी विचारलं, "ह्यांना सांगितलं नव्हतंस?"

"आई म्हणाली होती, कुणाला सांगू नकोस."

मावशीने मुठीतल्या पुड्या बाकावर ओतल्या. "तुझी आई माझी मोठी बहीण. तिचं ऐकायची मलाही सवय आहे," ती म्हणाली. "पण ही नदी तुझ्या आईला ओळखत नाही गं."

दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं, टेकडी, जिने, वल्ही, आणि मग इन्शुलिन किती घेतेस? तिने सांगितलं. घरचंच, आईने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं, रिक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलीचं. सिस्टरबाई हसल्या. म्हणाल्या, तू इथे आलीस पण डोस अजून तिकडेच राहतोय, त्यालाही घेऊन ये आता. डोस कमी झाला, नदीवर जायच्या आधी काय खायचं ते ठरलं, थंडीत पेन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं ठरलं. आईशी बोलणं राहिलं. आई फोनवर रागावली नाही, हेच वाईट होतं. फक्त म्हणाली, "ये परत." मावशीने फोन घेतला, स्वयंपाकघरात गेली, दार लावलं. दारामागून मोठ्या आणि धाकट्या बहिणीचं ते जुनं भांडण ऐकू येत राहिलं, ज्यात एकच बाजू ऐकू येते आणि तरी दोन्ही कळतात. शेवटी ठरलं: सुट्टीपर्यंत बघायचं. एकदाही पुन्हा असं व्हायला नको. झालं तर सुट्टीत आई स्वतः येऊन घेऊन जाईल, आणि जी बाई जत्रेतल्या बोटीच्या पाळण्यालाही घाबरते ती विमानात बसायचं म्हणते ह्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला समजला.

दुसऱ्या दिवशी तिने नावघरात, चौघींच्या समोर, बाकावर सगळं मांडलं. मीटर, पट्ट्या, टोचणी, पेन.  लपवायच्या गोष्टी उजेडात किती लहान दिसतात हे बघून तिला आश्चर्य वाटत होतं. एकीने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघितलं. एकीने विचारलं, दुखतं का? एकीने विचारलं, मी करून बघू का, माझ्या बोटावर? आणि तिने खरंच करून बघितलं आणि आपला आकडा बघून एवढी खूश झाली की तिला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. बगळीने मात्र कामाचं विचारलं. "आम्हाला कसं कळणार? तू नेहमीच हसतेस."

घरी बाबांची एक पद्धत होती. आई कपाळाला हात लावी, बाबा म्हणत, "भोंगा, सतराचा पाढा म्हण." सतराच का, तर बाराचा झोपेतही येतो आणि एकोणीसचा जागेपणीही येत नाही. साखर खाली असली की ती हमखास चौथ्या पायरीवर अडखळे. तिने बगळीला पाढा म्हणून दाखवला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. बगळीला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तिने चाल पकडली, कुठे सूर चढतो, कुठे दम घेतात, आणि आठवडाभरात अशी अवस्था झाली की बगळी वर्गात बसल्या बसल्या अडुसष्टपर्यंत गुणगुणू लागली. मग चौघीही. मग एक दिवस नदीवर तिच्या लक्षात आलं की पाढ्याची एक ओळ म्हणजे वल्ह्याचा बरोब्बर एक फेरा: सतरा दुणे, पाण्यात, चौतीस, बाहेर. तिने त्याच तालावर नाव चालवून बघितली. शिट्टीबाई काठाने सायकलवरून येत होत्या, त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, जी त्या कधी काढत नसत, आणि विचारलं ही कुठली गाणी. नदीवर सगळे तिला सतरा म्हणायला लागले. सतरा आली. सतरा, आज वारा आहे. भोंग्याला परदेशात नवीन नाव मिळालं आणि तेही पाढ्याचं, हे बाबांना कळलं तेव्हा ते म्हणे दिवसभर लोकांची मीटरं चुकीची वाचत फिरले.

आणि आता झेंडा. पंचाने तो वर धरला होता, लाल, वाऱ्यात फडफडणारा. बगळीचे ओठ हलले. आवाज न करता तिने विचारलं: सतरा? म्हणजे, म्हणून दाखव. तिने तोंड उघडलं. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक, आणि हसू फुटलं, कारण बगळीच्या मागे तिघींच्या पाठी ताठ झाल्या होत्या, त्यांनाही ऐकायचं होतं, चार मुली आणि एक पाढा आणि एक लाल झेंडा. आणि हसता हसता पुढचं विसरलं. चोक. सतरा चोक. नदीवरचं ऊन डोळ्यांत आलं. काय असतं सतरा चोक? विसरलं की हसण्यात सांडलं? छातीतलं दार आता तुटायला आलं होतं. एकदा आनंद मोजला नव्हता आणि फसली होती. आयुष्यभर मोजला होता आणि दर वेळी नक्कल संपून गेली होती. पण आज दार बंद करायचंच नव्हतं; नावेला दारच नव्हतं. इथेच मोजायचा, उन्हात, ह्यांच्या समोर, आणि नक्कल संपू द्यायची नाही. थांबू दे सगळ्यांना.

तिने हात वर केला.

तो हात वर जाताना तिला स्वतःला दिसला, बारका, ओला, थरथरणारा, सगळ्या नदीवर तेवढा एकच वर गेलेला हात. पंचाने झेंडा तसाच धरून ठेवला. शेजारच्या नावेतली सुकाणूवाली मान वळवून बघायला लागली. काठावर कुणी तरी कुणाला तरी विचारलं, काय झालं? "काही नाही," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिचा आवाज मोठा म्हणजे दोन्ही काठांना ऐकू जाईल एवढा, "मला डायबिटीस आहे, बोट टोचून बघते, थांबा जरा." एका हाताने कसं करणार? हात वर ठेवायलाच हवा होता. मग बगळीने वल्हं मांडीखाली दाबून मीटर काढलं, पट्टी लावली, वर न गेलेला हात ओढून घेतला, आपल्या बनियनला पुसला आणि टोचणी लावली, इतक्या सराईतपणे की जणू पोस्टात शिक्का मारतेय. थेंब. तराफ्यावरचा दाढीवाला शेपूट न सोडता मान उंच करून बघत होता. मीटरच्या छोट्या खिडकीत रेघा एकामागून एक विझत गेल्या. ह्या वेळात माणूस किती म्हातारा होतो कुणी मोजलंय का.

एकशे बेचाळीस.

बगळीने आकडा तिच्याकडे वळवला. तिने वाचला. पुन्हा वाचला. उत्तम आकडा, आईने फ्रेम करून लावला असता असा. म्हणजे हात अजून थरथरत होते, छाती अजून धडधडत होती, ओठांना मुंग्या होत्या, आणि साखर आपल्या जागी गप्प बसून होती. म्हणजे हा तो होता. दुसरा. एकटा आलेला, पहिल्यांदाच, उजेडात, सगळ्यांसमोर, आणि तिने बघितला तरी पळून गेला नव्हता. समोरच बसला होता, बगळीच्या गुडघ्यांशी, पाण्यावर, झेंड्यात. "अडुसष्ट," ती म्हणाली. आणि हात खाली घेतला.

शर्यतीचं पुढे सांगायचं तर त्या तिसऱ्या आल्या. चारांत तिसऱ्या, आणि चौथी नाव पुलाच्या खांबाला घासली होती म्हणून तिसऱ्या. पण धुराड्यापर्यंत ती पाढा ओरडत गेली, बेंबीच्या देठापासून, पहिल्यापासून परत पहिल्यापासून, आणि पुलावर उभ्या मावशीने कठडा बडवत पुढच्या पायऱ्या ओरडून सांगितल्या, त्याही चुकीच्या. मावशीला पाढे कधीच आले नव्हते.

फोन नावघराच्या बाकावरून लावला, ब्लँकेट पांघरून, एका हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. तिकडे दुपार होती, आई खिडकीवर होती. मागे शिक्क्याचा आवाज, ठप्प, ठप्प. "आवाज का थरथरतोय तुझा?" आईने पहिलं हेच विचारलं. "बघितलंस का?"

"बघितलं. नावेतच. शर्यत सुटायच्या आधी हात वर करून. एकशे बेचाळीस."

"हात वर करून? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. सांगितलंही. पंच थांबला आई. चार नावा थांबल्या."

शिक्का थांबला. "आणि मग," आई हळूच म्हणाली, "साखर नीट होती तर थरथरत कशाने होतीस?"

"आनंद झाला होता. नुसता आनंद झाला होता, आई."

 पोस्टातला पंखा ऐकू आला, कुणाची तरी चप्पल, कुणीतरी खाकरलं. मग एक आवाज आला जो तिने आईच्या तोंडून ह्याआधी ऐकला नव्हता, खालून सुरू होऊन वर फुटलेला, रडण्यासारखा, पण नाकातून हसल्याचा. थांबेना. "अगं काय झालं, आई?" ती म्हणाली. "इतकी का हसतेस? घाम आलाय का? सतराचा पाढा म्हण बघू."

"वेडी का तू, समोर रांग आहे."

"म्हण."

 आईने फोन तोंडापासून थोडा दूर केला, आणि सहा वर्षं गाद्यांच्या खोलीत बंद ठेवलेलं वाक्य खिडकीतून रांगेला सांगितलं, स्पष्ट, शिक्का मारावा तसं: "माफ करा हं. माझ्या मुलीला डायबिटीस आहे, ती तिकडे परदेशात नाव चालवते, आणि आता ती माझी परीक्षा घेतेय. ती सुट्टीत काही परत येत नाही, वर्ष पुरं करूनच येईल." आणि लगेच, मोठ्याने, तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, जो आवाज मुलीला कुठून आला हे आजवर कुणालाच कळलं नव्हतं: "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक..."

आईला हसू आवरेना म्हणून ती अडली. नावघरातल्या बाकावर मुलीने सफरचंद चावायचं थांबवलं. आणि तिकडे, रांगेतून, कुणीतरी म्हातारा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "अडुसष्ट, ताई. सावकाश."